दोनशे तासांचा हिशेब
(वाचकांचे प्रश्न, उड्डाण प्रशिक्षकांची उत्तरं)

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएलबद्दलची पत्रं एकदम वाढतात. एकाच विषयावरची आठ पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

मुलाने बारावी सायन्स केलं आहे. एका संस्थेने सांगितलं, "दोनशे तासांचं उड्डाण, नऊ महिन्यांत लायसन्स." घरावर कर्ज काढायचं आहे. नऊ महिने खरे मानायचे का? – एक आई, साखळी

दोनशे तास खरे आहेत. भारतात सीपीएलसाठी विमानाचे किमान २०० तास लागतात. नऊ महिन्यांचा भरवसा मात्र संस्थेच्या कागदावरून धरू नका, तिच्या हँगरवरून, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडवरून, धरा.

साधा गुणाकार करून बघा. शिकाऊ विमानाची एक फेरी, म्हणजे सॉर्टी, साधारण एक ते सव्वा तासाची असते. मुलगा आठवड्यातून चार दिवस उडाला तर महिन्याला वीसेक तास होतात आणि दहा महिन्यांत दोनशे पुरे होतात. पण यात पाऊस नाही, विमानाची देखभाल नाही, इन्स्ट्रक्टरची रजा नाही, मुलाचा ताप नाही, चवथीची सुट्टी नाही. महिन्याला बारा तास मिळाले तर सतरा महिने लागतात, आणि आठच मिळाले तर पंचवीस.

महिन्याला किती तास मिळतील हे विमानांच्या संख्येवर ठरतं. एक शिकाऊ विमान चांगल्या महिन्यात ७०-८० तास उडालं असं धरा. त्या विमानामागे दहा मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ तासच येतात. त्यामुळे संस्थेत गेल्यावर "विमानं किती आहेत?" एवढंच विचारून थांबू नका. "आज सकाळी उडण्याच्या स्थितीत किती आहेत, आणि सध्या उडणारे विद्यार्थी किती?" हे विचारा. दर ५० आणि १०० तासांनी विमान तपासणीला जातं. मध्येच बिघाड निघाला, ज्याला हँगरमध्ये सगळे स्नॅग म्हणतात, तर सुटा भाग येईपर्यंत ते जागेवर उभं राहतं. कागदावरची बारा विमानं हँगरच्या दारात कधी सातच असतात. डीजीसीए ही नागरी उड्डाणाची सरकारी नियामक संस्था ऑक्टोबर २०२५पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर करते, तीही बघून ठेवा. त्याहून उपयोगी म्हणजे गेल्या वर्षी लायसन्स मिळालेल्या दोन-तीन मुलांना भेटा. पहिल्या सॉर्टीची तारीख आणि लायसन्सची तारीख, एवढंच त्यांना विचारा.

करारात तासाचा दर लेखी असावा. इंधनाचे दर वाढले तर काय होणार, दोनशेच्या वर लागलेले तास कोणत्या दराने, सिम्युलेटर आणि परीक्षेची उड्डाणं त्यात धरली आहेत की वेगळी, हेही लिहून घ्या. सगळे पैसे एकरकमी भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते देणारी संस्था निवडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधी मुलाची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती का, ते पुढे येईलच.

आमच्या घराच्या गच्चीवरून मोपा विमानतळाची विमानं दिसतात. तरी उड्डाण शिकायला बाहेर का जावं लागतं? जवळ काय आहे? – बारावीचा विद्यार्थी, पेडणे

शिकणाऱ्याला मोठा विमानतळ नको असतो, मोकळी धावपट्टी हवी असते. सुरुवातीचे पंधरा-वीस तास सर्किटचे असतात. उड्डाण घ्यायचं, धावपट्टीभोवती चौकोनी घिरटी मारायची, उतरायचं, पुन्हा उड्डाण. एका सर्किटला सहा-सात मिनिटं लागतात. एकामागून एक प्रवासी विमानं उतरत असतील तिथे शिकाऊ विमानाला तासात दहा वेळा धावपट्टी मिळत नाही. दाबोळीचा विमानतळ तर नौदलाच्या हंसा तळावर आहे, तिथे नौदलाची उड्डाणं आधी. त्यात गोव्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर ढगांचा तळ इतका खाली येतो की डोळ्यांनी बघून उडायचं म्हटलं तर दृश्यमानतेची पाच किलोमीटरची अटही अनेक दिवस पुरी होत नाही.

चोर्ला घाट चढलात की बेळगाव. तिथल्या सांबरा विमानतळावर प्रशिक्षण चालतं. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे संस्था आहेत. बारामती पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे पावसाळ्यातही बरेच दिवस उडता येतं. गोंदियाला हिवाळ्यातल्या सकाळी धुकं धरून चाला.

बेळगावबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंच आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान दहा अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ वर गेला की फरक २६ अंशांचा झाला. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३१०० फूट वाढले. म्हणजे इंजिन आणि पंख यांच्या लेखी तुम्ही ५६०० फुटांवर आहात. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, धावपट्टीवरची धाव लांब, चढ मंद. वेगमापक उतरताना ६५ नॉटच (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) दाखवतो, पण जमिनीवरून सरकण्याचा खरा वेग ७२च्या आसपास असतो. किनाऱ्यालगत शिकलेला मुलगा तिथे पहिल्यांदा उतरताना धावपट्टी अंगावर धावून आल्यासारखी वाटून घाबरतो आणि नाक लवकर उचलतो. हे गणित सकाळच्या ब्रीफिंगमध्ये स्वतः मांडायची सवय लावून घ्या. उन्हाळ्यात सॉर्टी सकाळी सात ते दहाच्या आतली मागा.

माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, विमानाचे २०३ तास आहेत. तरी संस्था म्हणते अर्ज करता येणार नाही. पीआयसी (विमानाचा कप्तान म्हणून) ९६, त्यात क्रॉसकंट्री (लांब पल्ल्याची उड्डाणं) २२. इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याचे) १०, पैकी सिम्युलेटर ७. रात्रीचे साडेपाच, उतरणी ८. शेवटचं उड्डाण डिसेंबरमध्ये, परीक्षेची उड्डाणंही तेव्हाच. नेव्हिगेशनचा पेपर राहिला होता, तो जुलैमध्ये सुटला. आता ऑगस्ट आहे. चार तास पीआयसी मारले की झालं ना? – प्रशिक्षणार्थी, फोंडा

नाही झालं. आणि यात संस्थेची चूक नाही. तुमचा आकडा बरोबर आहे, रकाने अपुरे आहेत. दोनशे ही फक्त तळाची बेरीज. तिच्या पोटात हे हवं: विमानाचा कप्तान म्हणून, म्हणजे पीआयसी, किमान १०० तास. त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत. पीआयसी म्हणून क्रॉसकंट्री किमान २० तास आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं. इन्स्ट्रुमेंट १० तास, त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, त्यात पीआयसी म्हणून १० उड्डाणं आणि १० उतरणी, त्याही सहा महिन्यांतल्या. चाचणीची उड्डाणंसुद्धा सहा महिन्यांच्या आतली लागतात.

आता तुमचं लॉगबुक या गाळणीतून काढू.

इन्स्ट्रुमेंट: सिम्युलेटरच्या ७ पैकी ५ धरायचे, विमानातले ३. झाले ८. दोन कमी.

रात्र: तास पुरेसे आहेत, पण उतरणी ८ आणि त्याही आठ महिन्यांपूर्वीच्या. दहाच्या दहा नव्याने कराव्या लागतील.

पीआयसी: शंभराला ४ कमी दिसतात. पण गेल्या सहा महिन्यांत तुम्ही उडालाच नाहीत, म्हणून १५ नव्याने हवेत. या १५ मध्ये ते ४ आपोआप येतात. रात्रीची दहा सोलो, म्हणजे एकट्याने मारलेली, सर्किटंही यातच बसवता येतात, ती तासाभराची होतील.

चाचण्या: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, प्रत्येकी तासाभराची. दिवसाची क्रॉसकंट्री चाचणी २५० नॉटिकल मैलांची, शंभर नॉटच्या विमानाला अडीच तास. रात्रीची १२० मैलांची, सव्वा तास. हे जवळपास सहा तास.

१५, २ आणि ६ मिळून २३. शिवाय आठ महिन्यांच्या खंडानंतर कोणताही शहाणा इन्स्ट्रक्टर तुम्हाला दोन-तीन ड्युअल (इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेल्या) सॉर्टी केल्याशिवाय सोलो सोडणार नाही. म्हणजे पंचवीस-सव्वीस तास. चार तासांचा खड्डा वाटला होता, तो एवढा खोल निघाला. त्याला मुख्य कारण, राहिलेला नेव्हिगेशनचा पेपर.

क्रम असा ठेवा. आधी ड्युअल सर्किटं, त्यात बंद इंजिनचा सराव आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल संपते ती स्थिती. मग इन्स्ट्रुमेंटचे दोन तास ड्युअलमध्येच, हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून झापड) लावून. त्यानंतर दिवसाची सोलो क्रॉसकंट्री, ज्यात पंधरापैकी बहुतेक तास निघतील. रात्रीची सर्किटं आणि चारही चाचण्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत, पाऊस ओसरल्यावर. सहा महिन्यांचं घड्याळ पहिल्या नव्या सॉर्टीपासून चालू होतं, म्हणून आरटीआरचा, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याचा कागद, क्लास वन वैद्यकीय दाखल्याची मुदत आणि लॉगबुकवरच्या सह्या तपासल्याशिवाय ती सॉर्टी घेऊ नका.

लॉगबुकाबद्दल आणखी थोडं, कारण अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. उड्डाणाची वेळ म्हणजे उड्डाणासाठी विमान स्वतःच्या ताकदीने हललं तिथपासून पुन्हा पूर्ण थांबेपर्यंतची. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरचा आकडा यापेक्षा कमी येतो, तो लॉगबुकात उतरवू नका. दशांशात लिहीत असाल तर सहा मिनिटं म्हणजे ०.१. एक तास वीस मिनिटं म्हणजे १.३ होतात, १.२ नाहीत. ही चूक दोनशे तासांत दीडशे वेळा झाली की बेरीज कुठल्या कुठे जाते. तुमच्या नोंदी संस्थेच्या फ्लाइट ऑथरायझेशन बुकाशी आणि विमानाच्या टेक लॉगशी ताडून बघितल्या जातात. तिन्हीकडे वेळ एकच हवी. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर लावलेलं पान संशय वाढवतं. दर पानाची बेरीज त्याच दिवशी करा. आणि न उडालेला तास लिहायची पाळी कोणी आणली तर तिथून बाहेर पडा. तो तास कधीतरी ढगात, खऱ्या प्रवाशांना घेऊन, तुमच्याकडे मागितला जाणार आहे.

सीपीएलला लागणारं ३०० मैलांचं उड्डाण म्हणजे नेमकं किती लांब? एकट्याने कसं जातात? – वाचक, डिचोली

३०० नॉटिकल मैल म्हणजे ५५५ किलोमीटर. दाबोळी ते मुंबई सरळ रेषेत २३० नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, त्याहूनही हे जास्त. बेळगावहून नकाशावर आखून बघा: बेळगाव ते कलबुर्गी सुमारे १६०, कलबुर्गी ते हुबळी सुमारे १६०, हुबळी ते बेळगाव ४०. एकूण ३६०. कलबुर्गीला आणि हुबळीला पूर्ण थांबून उतरायचं. शंभर नॉटने साडेतीन तासांहून थोडं जास्त. सेस्ना १७२ हे शिकाऊ विमान तासाला ३३ लिटरच्या आसपास पेट्रोल खातं, म्हणजे १२० लिटर. त्यावर राखीव इंधन आणि समोरून वारा आला तर त्याचं. नकाशावर दर दहा मैलांना खूण करायची, प्रत्येक खुणेवर ठरलेली वेळ लिहायची आणि हवेत प्रत्यक्ष वेळ तिच्याशेजारी. दोन खुणांना ओळीने तीन-तीन मिनिटं उशीर झाला तर वारा अंदाजापेक्षा जास्त आहे, इंधनाचा हिशेब तिथल्या तिथे पुन्हा करायचा. मुलं चुकतात ती रस्ता हरवल्यामुळे कमी. घटप्रभेला कृष्णा समजून "दिसलं, दिसलं" म्हणत चुकीच्या खुणेला चिकटून राहिल्यामुळे जास्त. आधी घड्याळ, मग नकाशा, मग खाली जमीन, हा क्रम मोडू नका.

चष्मा आहे, उजव्या डोळ्याचा नंबर दोन. चालेल का? – विद्यार्थिनी, काणकोण

चष्म्याने दृष्टी ६/६ होत असेल तर नुसत्या नंबरामुळे अडत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र गंभीर ठरतो आणि तो अनेकांना तपासणीच्या खोलीतच पहिल्यांदा कळतो. ठिपक्यांच्या पाटीवरचा आकडा वाचता येतो का हे गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे आजच बघून घ्या. स्टुडंट पायलट लायसन्सला क्लास टू पुरतो, पण सीपीएलला क्लास वन लागतो. तोच नाकारला गेला तर उडालेले तास धंद्याच्या कामाचे राहत नाहीत. म्हणून आधी दोन्ही तपासण्या, मग फी. तपासणीच्या आदल्या आठवड्यात इयरफोन कमी, झोप पुरेशी. रक्तदाब आणि साखर आधीच पाहून ठेवा.

मी आर्ट्सची. दार बंद का? – वाचक, मडगाव

बंद नाही. सीपीएलला लागणारे बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून देता येतात. बरेच जण तसंच करतात. त्याच काळात डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) काढून एअर रेग्युलेशन्स (उड्डाणाचे नियम) आणि मिटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) यांचा अभ्यास सुरू करा. पास व्हायला ७० टक्के लागतात. मान्सूनचे चार महिने गोव्यात ढग फुकट दिसतात, मिटिऑरॉलॉजीला याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

मामा अमेरिकेत आहेत. ते म्हणतात तिथे २५० तास लागतात पण काम लवकर होतं. तिथे करू की इथे? – वाचक, म्हापसा

अमेरिकेतल्या उड्डाण नियमांच्या पार्ट ६१च्या वाटेने कमर्शियल सर्टिफिकेटला २५० तास, पार्ट १४१ची मान्यता असलेल्या शाळेत १९०. विमानं भरपूर, पावसाचा अडथळा कमी, म्हणून महिने वाचतात हे खरं. मात्र एम-१ व्हिसा आणि तिथल्या टीएसए या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी मिळेपर्यंत उड्डाण सुरू होत नाही.

परत आल्यावर भारतीय लायसन्ससाठी रकाने पुन्हा भारताचेच लागू होतात. इथेच मुलं फसतात. प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर अमेरिकेत इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, नियंत्रण तुमच्या हातात असेल तर, तो वेळ पीआयसीच्या रकान्यात लिहिता येतो. भारतात इन्स्ट्रक्टरबरोबरचे शिकाऊ तास ड्युअलच. त्यामुळे तिथल्या लॉगबुकात १५० दिसणारे पीआयसी इथे नव्वदवर येऊ शकतात. जाण्याआधीच भारताच्या रकान्यांची यादी इन्स्ट्रक्टरच्या हातात ठेवा: शंभर निखळ पीआयसी, दोन थांबे घेतलेलं ३०० मैल, रात्रीच्या दहा सोलो उतरणी. शिवाय इथे नोकरीला इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडण्याची परवानगी, लागतंच. त्याला पीआयसी क्रॉसकंट्री ५० तास आणि इन्स्ट्रुमेंट ४० तास, सिम्युलेटरचे जास्तीत जास्त २०. तेही तिथेच उरकून या. परतल्यावर परदेशी लायसन्सची पडताळणी, डीजीसीएचे पेपर, आरटीआर, क्लास वन आणि भारतातली चाचणी उड्डाणं. यात सहज काही महिने जातात, ते "लवकर"च्या हिशेबात धरा.

२४ तास झाले तरी सोलो सोडलेलं नाही. उतरताना विमान उसळतं. बरोबरीचे दोघे सोलो झाले. मी या कामाचाच नाही का? – प्रशिक्षणार्थी, वास्को

पंधरा ते पंचवीस तासांत सोलो होणारी मुलं पुष्कळ असतात, २४ ला घाबरू नका. गेल्या दोन महिन्यांत उड्डाणांत दहा-दहा दिवसांचे खंड पडलेत का ते आधी बघा. एका खंडाला दोन सॉर्टी नुसत्या जुन्या जागी यायलाच जातात.

उसळण्याचं कारण बहुतेक वेळा डोळे असतात. विमान जमिनीजवळ आलं की नजर नाकासमोरच्या डांबरावर जाते. ते भरभर वर येताना दिसतं, हात घाबरून मागे ओढतो, विमान फुग्यासारखं वर उठतं, वेग संपतो आणि ते आपटतं. शेवटच्या वीसेक फुटांत नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर न्या. टोकाची कड वर सरकताना दिसेल, तेव्हा नाक तेवढंच वर घ्या आणि थांबा. विमानाला स्वतःहून बसू द्या. दुसरं, सीटची उंची. रोज एकाच उंचीवर बसा, खालून किती बोटं काच दिसते ते मोजून ठेवा. उंची रोज बदलली की डोळ्यांचा अंदाज रोज नव्याने बसवावा लागतो. तिसरं, वेग. सेस्ना १७२ला फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) लावून ६५ नॉट धरायचे असताना तुम्ही ७२ ने येत असाल तर विमान बसायलाच तयार नसतं, तरंगत राहतं.

उसळलं तर नाक खाली ढकलू नका. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते, तिसऱ्याला पुढचं चाक आणि प्रोपेलर जमिनीला लागतात. उसळी लहान असेल तर नाक जिथे आहे तिथेच धरून थोडी पॉवर द्या. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा), नाक स्थिर, फ्लॅप एकेक टप्प्याने वर, आणि पुन्हा एक फेरी. इन्स्ट्रक्टर सोलो सोडण्याआधी नेमकं हेच शोधत असतो: उतरणी बिघडली तेव्हा कोणी न सांगता तुमचा हात थ्रॉटलवर गेला का. पुढच्या सॉर्टीत त्यांना सांगून पाच गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, मुद्दाम मागून घ्या. तीस तास ओलांडले आणि फरक पडला नाही, तर मुख्य इन्स्ट्रक्टरकडे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक सॉर्टी मागा. त्यात कमीपणा काही नाही, पुष्कळदा दुसऱ्या तोंडून तेच वाक्य ऐकल्यावर हात वळतो.